भिवाजीचा भारा

गिरणीमालकांच्या घरच्या वहीतली नोंद: मंगळवार, १२ जुलै १९४९. पाऊस थांबून थांबून. धाकट्या मधूला सर्दी, शाळेत पाठवले नाही. भिवाजी भांगेचा भारा डोक्यावर घेऊन गिरणीत आला. त्याच्यामागून जमादार आले. दुपारचा चहा तीनदा टाकावा लागला.

भिवाजी कोंडाण्याचा. कर्जतला तात्यांच्या भातगिरणीत तो भात ओतण्याच्या कामाला होता. अंगावर सदा कोंड्याची पांढरी पूड, त्यामुळे गावात शिरला की पोरे त्याला 'भूत आलं' म्हणून चिडवत आणि तोही डोळे वटारून त्यांच्या अंगावर धावून जाई. दारूचे नाव नाही, चिलीम नाही, विडीसुद्धा नाही. व्यसन म्हणाल तर एकच, आपला पवळ्या बैल. पवळ्याचे पोट नाजूक. चिखलणीच्या दिवसांत फुगायचे. मग भिवाजी परसातल्या भांगेची चार पाने गुळात वळून त्याला गोळी चारायचा. बापाने हेच केले होते, आज्यानेही.

त्या जूनमध्ये दारूबंदीचा नवा कायदा आला. दारूबरोबर गांजा-भांगही त्यात आली. सरकारी परवान्याचे दुकान बंद झाले. तात्या भित्रे. गिरणीच्या आवारात कुणाच्या कनवटीला पुडी सापडली तर मालक म्हणून आपल्यालाच नेतील, या धास्तीने त्यांना जेवण जाईना. सोमवारी त्यांनी सगळ्या गड्यांना उभे करून हुकूम वाचला. ज्याच्या अंगावर, घरात किंवा परसात गांजा-भांग असेल, त्याला गिरणीत काम नाही.

'परसात' हा शब्द ऐकला आणि भिवाजीला आपली झाडे आठवली. दुसरे काम त्याला येत नव्हते, आणि घरच्या तुकड्यावर चार महिन्यांचेही भात होत नव्हते.

रात्री बायको अंबाबाई म्हणाली, "त्यात काय रडायचं? उपटा नि टाका उकिरड्यात."

"उकिरडा कुणाचा? आपलाच ना?"

"मग वढ्यात टाका."

"वढा जातो नदीला, नदी जाते कर्जतला. गिरणीच्या मागंच लागायची बघ."

"मग जाळा!"

"आखाडात वलं जळतंय व्हय गं? धूर झाला तर अख्खं कोंडाणं झिंगंल नि पाटील माझ्या दारात येतील."

अंबाबाईने कपाळावर हात मारला. "मग डोक्यावर घेऊन नाचा!"

भिवाजीला यातून वाट दिसली. ज्यांनी हुकूम काढला, त्यांच्याच हवाली करावी. दिवाणखान्यात पंखा असलेले तात्या म्हणजे त्याच्या लेखी अर्धे सरकारच होते. सकाळी त्याने झाडे मुळांसकट उपटली, मोळी बांधली, वर इरले घेतले आणि निघाला.

वाटेत जो भेटे तो विचारी. भिवाजीला खोटे बोलायची सवय नव्हती.

"काय रं नेतोस?"

"भांग हाय. तात्यांकडं चाललोय."

"तात्यांना भांग?"

"त्यांचाच हुकूम हाय बाबा."

कर्जतच्या बाजारात पोचेपर्यंत बातमी त्याच्यापुढे धावत होती. चहाच्या दुकानात बसलेल्या दारूबंदीच्या जमादारांनी ती ऐकली, बशीतला चहा एका घोटात संपवला आणि टोपी घालून भाऱ्यामागे चालू लागले.

भिवाजीने मोळी नेमकी तात्यांच्या गादीपुढे ठेवली. चिखल पांढऱ्या चादरीवर पसरला. आणि दारात जमादार.

"तात्या, ही तुमची का?"

तात्या गादीवरच मागे सरकले. "माझी? अहो, हा... हा माणूस..."

बोलता बोलता ते भिवाजीकडे पाहू लागले. भिवाजीला ते कळले. तात्यांनी 'हा कोण मला ठाऊक नाही' म्हटले असते तर ते सुटले असते. ते म्हणायला त्यांना जड जाऊ नये म्हणून तो स्वतःच पुढे झाला.

"जमादारसायेब, भांग माझी. परसात व्हती, म्हंजी हुकमापरमाणं माझं काम गेलं. आता मी गिरणीचा कुनी नाय. तात्यांचा काय बी संबंध नाय."

गिरणीचा पट्टा फिरत होता, पण भात ओतणारे हात थांबले होते. तात्या गादीवरून उठले. धोतराचा सोगा पायात आला, ते धडपडले, पण आवाज मात्र कधी नव्हे इतका खणखणीत निघाला.

"गप रं! काम गेलं म्हणणारा तू कोण? जमादार, हा माझा गडी आहे. माझा हुकूम ऐकून आला. नेणार असाल तर दोघांना न्या."

जमादारांनी मोळीकडे पाहिले, चिखलाने माखलेल्या चादरीकडे पाहिले. मग त्यांना हसू आवरेना.

"बैलाला देतोस?"

"व्हय. गुळातनं."

"आमचे आजोबाही द्यायचे. पण कायद्याला बैल ठाऊक नाही. परसात पुन्हा एक रोप दिसलं तर मी स्वतः येईन. आता माझ्यासमोर भट्टीत घाला."

कोंड्याच्या भट्टीत झाडे चुरचुरत जळत होती आणि सगळे नाकाला पंचा लावून उभे होते, तोच फाटकातून वाघ्या आणि मंगळ्या हे आणखी दोन गडी आत आले. दोघांच्याही डोक्यावर भारा.

"तात्या भांग घेत्यात म्हनं!" वाघ्या म्हणाला.

तात्या मटकन खाली बसले. जमादारांनी आणखी एक चहा मागितला.

निघताना भिवाजी मागीलदारी येऊन उभा राहिला. काम राहिले होते, पण चेहरा उतरलेलाच. तात्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी विचारले, तर म्हणाला, "बाईसायेब, माझं झालं. पवळ्याचं काय? उद्या चिखलणी हाय."

सुनीतीबाईंनी फळीवरचा डबा काढला आणि पुडी बांधून गुळाच्या खड्यासकट त्याच्या हातावर ठेवली. जमादारांना दाखवली तरी चालेल, असे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिले: ओवा आणि सैंधव संपले. गादीची चादर सोड्यात भिजत घातली आहे.