वकीलसाहेबांचा पहिला सवाल

मारामारीचा आरोपी समोर आला की आमचे अंबडचे वकीलसाहेब गुन्ह्याबद्दल चकार शब्द काढत नसत. रुमी टोपी नीट करत आणि म्हणत, "हे करायच्या आधी तुझा पाणउतारा कोनी केल्ता, ते सांग." आरोपी गोंधळे, कारण ज्याचं डोकं फोडलं तो माणूस बहुधा वेगळाच निघे. साहेब मान डोलवत. "अपमान करतो एक, मार खातो दुसराच. दुनियेची वहिवाटच हाये ही."

मी आणि युसूफ त्यांचे दोन कारकून. अक्षर त्याचं चांगलं, भूक माझी. साहेबांचा हा सवाल ऐकून आम्ही दाराआड हसायचो. मग निजामी राजवटीचे ते शेवटचे दिवस आले आणि हसणं आमच्याच अंगाशी आलं.

कोर्टाचं सगळं काम उर्दूत. एकदा भर कचेरीत अर्ज वाचताना मी असा अडखळलो की न्यायाधीशापुढं कागद ठेवणारा पेशकार पोट धरून हसला. त्याच दिवशी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीतल्या एका माणसानं मला भजी खाऊ घातली आणि माझं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. घरातसुद्धा माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. लगेच मी करोडगिरीचा, म्हणजे निजामी जकातीचा, नाका जाळायला तयार. स्वराज्य हवं होतंच, पण त्या ज्वाळांत मला दिसत होता तो पेशकाराचा चेहरा.

अंबडात गुपित हे फक्त ठेवणाऱ्यालाच गुपित वाटतं. रॉकेलचा डबा घेऊन निघालो, तर साहेबांनी पेठेतच गाठलं.

"तुला हसलं कोन होतं, बापू?"

"पेशकार."

"मंग नाक्यावरच्या शिपायाला कशापायी जाळतो? चल, पेशकाराकडंच जाऊ. डबा बराबर धर."

पेशकार दाढदुखीनं गालाला फडकं बांधून बसला होता. डबा बघून त्याचे डोळे भरून आले. "रॉकेल? बेटा, कंट्रोलात थेंब मिळंना झालाय." डबा आत गेला, चहा बाहेर आला. माझी क्रांती त्याच्या कंदिलात जळाली.

युसूफचं दुखणंही तेच. आडतवाल्या शेटजींनी त्याला गिऱ्हाइकांदेखत गादीवरून उठवलं होतं. तिकडे निजामाची बाजू घेणाऱ्या खाकी दलानं त्याला पट्टा दिला, शिट्टी दिली, रांगेत पुढं उभं केलं. "रोग एकच, हकीम तेवढे वेगळे," म्हणत साहेब त्यालाही शेटजींकडं घेऊन गेले. मी मागोमाग होतोच. शेटजींनी साहेबांना हात धरून लोडाशी बसवलं, पान दिलं. युसूफ पायरीशी उभा. बोलणं पाऊसपाण्यावर गेलं, कापसाच्या भावावर गेलं. मूळ गोष्ट निघेपर्यंत पायरी रिकामी झाली होती.

पुढं त्यानं जे केलं ते सांगताना मला चेष्टा सुचत नाही. परतूरकडच्या एका वस्तीला दलानं आग लावली, त्यात एक म्हातारी गेली. काडी युसूफच्या हातची. हिंदुस्थानची फौज आल्यावर तो धरला गेला. साहेबांनी त्याचं वकीलपत्र घेतलं आणि निम्मे पक्षकार तुटले. सकाळी ओट्यावर फेकलेलं शेण मीच धूत होतो.

त्याला जन्मठेप झाली. कोर्टातून परतताना मी चिडून म्हणालो, "साहेब, त्यानं माणूस जाळला होता."

"जाळला. सजा व्हायलाच पाह्यजे होती."

"मंग तुम्ही कशाला उभे राह्यले त्याच्यासाठी?"

साहेबांनी रुमी टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिशी तो उभा होता, बापू," ते म्हणाले. "आन् मी बसून पान खाल्लं."