गावाचा एकच अर्ज

आमच्याकडे विमानतळ होणार हे मला कळलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवलेल्या नोटिशीवरून. विमानतळ उभारायचा, पुढे तो चालवायचा आणि आसपासच्या गावांत कुठे काय बांधायचं तेही ठरवायचं, एवढ्यासाठी सरकार एक प्राधिकरण नेमणार होतं. त्याच्या हद्दीत आमचं गाव होतं. हरकत असेल त्यांनी महिन्याभरात वडगावच्या कार्यालयात द्यावी, असं खाली लिहिलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वडिलांच्या रानात घर बांधलं होतं, भिंतींचा रंग अजून ताजा होता. हद्दीत म्हणजे जमीन जाणार की नुसती अडकून पडणार, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पवनानगरच्या जीपमध्ये रोज नवी अफवा ऐकायला मिळायची.

देवळात बैठक भरली. गावात अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे गुरुजींकडे बघतात, आणि मलाही ते आवडतं. धरणात जमिनी गेल्या तेव्हा जो तो आपापला कागद घेऊन धावला आणि गाव फुटलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून मी ठणकावून सांगितलं, "अर्ज एकच. सह्या सगळ्यांच्या."

मागून एक मावशी उठल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, ओढ्याकाठचा तुकडा एकट्या कसतात. "गुरुजी, हे प्राधिकरण म्हंजे कोण? कुटल्या गावचं?"

हशा पिकला. मीही हसलो. त्यांच्या हातात नातीनं वहीच्या पानावर लिहून दिलेला कागद होता, मागे सातबारा टाचलेला. मी म्हणालो, "मावशी, वेगळी चूल मांडू नका. गाव एका तोंडानं बोलेल."

"ऱ्हाऊ द्या मग तुमच्यापाशी," म्हणत त्यांनी कागद मला दिला. मी तो पिशवीच्या कप्प्यात सारला आणि विसरून गेलो.

अर्ज मी मन लावून लिहिला, एकही खाडाखोड नाही. तळेगावला कारखान्यात जाणाऱ्यांच्या सह्या त्यांच्या शिफ्ट सांभाळून गोळा करता करता शेवटचा दिवस उजाडला. एकही सही सुटता कामा नये, हा माझा हट्ट.

वडगावला टेबलामागच्या बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. "काका, अक्षर सुंदर आहे. पण ही हरकत नाही होत, हे निवेदन झालं. हरकत ज्याची त्याने द्यायची, स्वतःचा गट नंबर घालून, सातबारा जोडून. नोटिशीत दिलंय."

भिंतीवर तीच नोटीस होती. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, खरंच दिलं होतं. 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलो आणि स्वतः पहिल्या पानावरच थांबलो.

साडेतीन वाजले होते. पाचला घेणं बंद. मी गावात फोन लावत सुटलो. कुणी रानात, कुणी कामावर, कुणाला उतारा सापडेना. एक जीप निघाली, पण ती वेळेत पोचणं कठीण होतं. माझा स्वतःचा उतारा घरी कपाटात. समोरच्या दुकानात नवा काढायला धावलो, तर सर्व्हर बंद.

परत येऊन पिशवी उपसली, तेव्हा मावशींचा कागद हाताला लागला. आजी बोलली तसंच नातीनं उतरवलं होतं: 'माजी हीर हाये. बांधाला दोन आंबे हायेत. मी हितंच ऱ्हाते. मला इचारल्याबिगर काय बी ठरवू नका.' खाली अंगठा, वर गट नंबर, मागे सातबारा. सगळं नियमात.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, देऊच नये. सगळ्या गावाला मी बुडवलं आणि जिला गप्प बसवलं तिचाच कागद तेवढा लागला, हे गावाला कोणत्या तोंडानं सांगणार? मग स्वतःचीच शरम वाटली आणि तो टेबलावर ठेवला. शिक्का बसला. जीप आली तेव्हा कार्यालयाला कुलूप लागत होतं. माणसं तशीच परतली.

सुनावणीचं पत्र अख्ख्या गावात एकट्या मावशींना आलं. "तुमी चला संगं," म्हणाल्या, म्हणून गेलो. आत फक्त त्यांनाच सोडणार होते. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा गट नंबर काय, गुरुजी?"

"कशाला?"

"माझ्याआदी तुमचं सांगते. तुमचं घर नवं हाये."

मी नंबर सांगितला. त्यांनी तो म्हणून दाखवला, चुकला, पुन्हा म्हटला. पाढे पाठ करणारी पोरं मी अशीच समोर उभी केली होती.

नाव पुकारलं गेलं. त्या आत गेल्या, आणि दार लागेपर्यंत पुटपुटत होत्या तो नंबर माझा होता. त्या नादात स्वतःचा विसरल्या तर, या धास्तीनं मी बाहेर उभा राहून त्यांचा नंबर आठवत राहिलो, आणि मला तो येत नव्हता.