बुजवलेली उघाडी
खाडीच्या चिखलाचा वास आला की घणसोलीच्या आमच्या दारात निथळत उभा असलेला तो ठेकेदार मला आठवतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. खाडीच्या बांधाला एक उघाडी होती. ओहोटी लागली की वडील तिची लाकडी झडप उघडून गावात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचे. प्लॉट पाडण्यासाठी या माणसाने भराव टाकून ती बुजवली. वडील भांडायला गेले तेव्हा तो हसला होता, "काका, टेन्शन कशाला घेता?" त्याच पावसाळ्यात गाव तुंबलं आणि वडील बुडाले. मग गावाने आपल्यापुरता नवा चर खणला. पुढच्या वर्षी पाणी अडलं ते फक्त भरावाआडच्या सखल जागेतल्या त्याच्या नव्या बंगल्यात. "मावशी, खणायचं मशीन आणलंय. ओहोटी आहे तोवर भरावाखालच्या उघाडीची नेमकी जागा दाखवा," तो आमच्या दारात येऊन आईला काकुळतीने म्हणाला. आईला जागा नेमकी ठाऊक होती. "दाखवनारा मानूस तू बुडवलास," ती म्हणाली, "आता त्यालाच विचार." ओहोटी सरेपर्यंत तो भलतीकडेच खणत राहिला. मग भरती चढली आणि त्याचा सोफा अंगणात तरंगू लागला. आम्ही मायलेकांनी ओट्यावर बसून ते शेवटपर्यंत पाहिलं. लोक मला शांत स्वभावाचा समजतात, पण ती संध्याकाळ आठवली की मला अजून बरं वाटतं.