रंगाखालची हद्द

सरकारी रान कुणाचं? आपल्या सगळ्यांचं, असंच म्हणाल ना? मग तिथल्या झाडावर कुणीही पाटी ठोकली की मुकाट मागे का फिरता?

पेनसिल्व्हेनियात मी शिकारीचे कायदे सांभाळणारा पोलीस अधिकारी होतो. नोकरीतली एक तक्रार अजून मनातून जात नाही. साल २००५, हरणांच्या शिकारीचा हंगाम. एका जमीनदाराचा फोन आला, "माझ्या रानात धनुष्य घेऊन कुणी परका घुसलाय."

तो निघाला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात शिकणारा नागपूरचा विद्यार्थी. परवाना खिशात, तोंडचं पाणी पळालेलं. माझ्या बिल्ल्यावरचं मराठी आडनाव वाचून तो मराठीतच बोलू लागला.

"काका, हे सरकारी रान आहे. सकाळी आत गेलो तेव्हा एकही पाटी नव्हती. परत फिरलो, तर झाडाझाडावर 'प्रवेश बंद'!"

"ड्युटीवर मी काका नाही, ऑफिसर."

"बरं, काका. पण केस झाली तर माझ्या व्हिसाचं काय?"

जबाब घेतला, धनुष्य जप्त केलं. सरकारी हद्दीवरच्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात. इथे एकही दिसेना. जमीनदार हसला. "पट्टा दाखवा, तक्रार मागे घेतो."

पंचनाम्यासाठी पुन्हा गेलो, तेव्हा पाऊस लागला होता. रानात पाखराचाही आवाज नव्हता. भिजून सगळी खोडं काळी पडली होती. अन् एका रांगेतल्या प्रत्येक खोडावर, माणसाच्या उंचीवर, एक फिकट ठिपका. तिथे पाणी मुरतच नव्हतं. धुक्यातून जणू डोळ्यांची रांग माझ्याकडे बघत होती. चाकूने एक ठिपका खरवडला. सालीच्या रंगाचा लेप निघाला, खाली पांढरा पट्टा. ती रांग पाट्यांच्या बरीच पलीकडे, थेट जमीनदाराच्या घरामागे गेली होती. म्हणजे पाट्या सरकारी रानातच ठोकलेल्या होत्या.

ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"चार पिढ्या इथे आम्हीच शिकार करतो," तो म्हणाला. "बाहेरचे आले की हरणं बुजतात."

"रंग कुणी फासला?"

"मीच. पाट्याही मीच ठोकल्या, तो आत असताना."

धनुष्य परत घेताना विद्यार्थी म्हणाला, "सार्वजनिक तळ्यावर पहारा बसवणारे आमच्या आजोबांनी पाहिलेत, काका. इथे झाडं होती, एवढंच."

चोर निदान अंधार शोधतो. हद्द चोरणारा दिवसाढवळ्या खिळे ठोकतो आणि वर पोलिसांनाच पहाऱ्याला बोलावतो. मीही त्या दिवशी त्याचा पहारेकरी होता होता राहिलो. पाटी म्हणजे पुरावा नव्हे, हे तेव्हा शिकलो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावाजवळच्या सरकारी रानाचा नकाशा याच आठवड्यात कचेरीत जाऊन मागा. हद्द पायी चालून बघा. पाटी खोटी वाटली तर उपटू नका. लेखी तक्रार करा, आणि उत्तर मिळेपर्यंत हटू नका.