फोनचं अस्तर

माझे वडील जव्हारला शिंपी आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो, गिऱ्हाइकं मास्तर म्हणतात. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा त्यांनी कानामागे लावायचं यंत्र घेतलं आणि घरातलं बोलणं पुन्हा रुळावर आलं. फोनवर मात्र ते येईनासे झाले. मी ठाण्याहून संध्याकाळी फोन लावायचे, तो आईच घ्यायची. "दादांना दे ना," म्हटलं की ती म्हणायची, "मशीनवर बसलेत. बरे आहेत." ते मुळातच कमी बोलणारे. फोनचा कंटाळा असेल, असं मी धरून चालले.

दिवाळीला घरी गेले होते. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जामसरची एक बाई पोलकं न्यायला आली होती. दादा तिला हूक कुठे लावलेत ते दाखवत होते. मधेच थांबले, कानाशी हात नेला आणि म्हणाले, "बाई, तुझा फोन वाजेल बघ आता."

तिने पिशवीतून फोन काढला, तर तो तिच्या हातातच वाजला. ती बघत राहिली. "मास्तर, तुमाला कसा कळला?"

"अगं, फोन वाजायच्या आधी माझ्या कानात मधमाश्या येतात."

बाई हसत हसत गेली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः फोनवर बोलता तेव्हा?"

"तेव्हा अख्खं पोळंच उठतं. यंत्र काढलं तर काहीच ऐकू येत नाही, ठेवलं तर गुणगुणच ऐकू येते. मग म्हटलं, हिलाच बोलू दे." पुढे म्हणाले, "तुझा फोन आला की मी मशीन थांबवतो. ही तुझ्याशी हसते, त्यावरून कळतं, सगळं ठीक आहे."

त्यांच्या कानातल्या त्या गुणगुणीवरच माझा पगार चालतो. आमच्या प्रयोगशाळेत मी रबरात आणि प्लास्टिकमध्ये कार्बनची बारीक पूड कालवते. नुसत्या प्लास्टिकमधून फोनच्या लहरी आरपार जातात. कार्बनचे कण इतके दाट झाले की एकमेकांना टेकले, तर त्यातून वीज वाहू लागते आणि लहरी तिथेच अडतात. काही माघारी फिरतात, काही आत मुरतात. फोनची दादांच्या यंत्रात होते तशी एका यंत्राची लुडबुड दुसऱ्यात होऊ नये म्हणून असला थर यंत्रांच्या पेट्यांना आतून लावतात. आमच्या जव्हारच्या घरात रेंज तोकडी. तिथे फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, आणि दादांच्या यंत्राला जास्त त्रास.

पुढच्या खेपेला साहेबांना विचारून चाचणीतून उरलेला एक तुकडा घेऊन गेले. काळा, मऊ, सायकलच्या ट्यूबसारखा. दादांनी तो चिमटीत धरून चोळला, ओढून पाहिला.

"कशाचं आहे?"

"रबर. आत कार्बन. काजळीच म्हणा. फोनला कव्हर शिवायचं आणि आतून हे लावायचं."

"म्हणजे अस्तर," ते म्हणाले आणि त्यांनी खडू उचलला.

गणवेशाचं निळं कापड उरलं होतं, ते घेतलं. सुईखाली रबर सरकेना, चिकटून बसे. दादांनी खाली वर्तमानपत्राचा कागद घातला आणि कागदासकट शिवण मारली. मी मागून कागद फाडून काढत होते. लहानपणीसुद्धा मी त्यांच्या एवढ्या जवळ बसून काम केल्याचं मला आठवत नाही.

कव्हर चारी बाजूंनी बंद शिवलं. घरातला बटणांचा छोटा फोन आत सरकवला आणि मी लांब उभी राहून माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. दादांचा चेहरा उजळला. "एकदम शांत!"

शांत असणारच. फोनही वाजला नव्हता. माझ्या मोबाइलमधली रेकॉर्डवरची बाई सांगत होती की तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

"छान," आई दारातून म्हणाली. "आता कुणाचाच त्रास नको."

मी हिरमुसले. कानाकडची लहर अडते तशी टॉवरकडचीही अडणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. दादांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "उसवू की," म्हणाले आणि ब्लेडने टाके कापायला लागले. मग आम्ही पाठ मोकळी सोडली आणि कानाकडच्या बाजूलाच अस्तर ठेवलं. आवाजासाठी तिथे भोक हवं होतं.

"गळा केवढा ठेवू?" त्यांनी विचारलं.

मी करंगळीचं टोक दाखवलं.

या वेळी फोन वाजला. माझ्या मोबाइलची गुणगुण त्यात मिसळू नये म्हणून मी मागच्या अंगणात, पार कुंपणापाशी गेले होते. "दादा, गुणगुण येतेय?"

"आहे. पण लांबून. तू बोल."

मी कुंपणापलीकडे काय काय दिसतंय ते सांगू लागले. दादा मधेच म्हणाले, "तुझा आवाज थेट तुझ्या आईसारखा झालाय गं. मला माहीतच नव्हतं."

आता संध्याकाळचा फोन तेच घेतात. आई मागून ओरडते, "मला पण बोलू द्या!" परवा ते मोखाड्याच्या एका वरबापाची गोष्ट सांगत होते. कोट शिवून तयार, आणि अंगात घातला तर बाह्या आखूड. तो गृहस्थ म्हणे हात पाठीमागेच बांधून घरभर फिरला. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून ऐकत होते. वरून कुणीतरी मला हाक मारली.

"कामात आहेस का?" दादांनी विचारलं.

"नाही, सांगा ना."

"बरं. तर मग त्याची बायको आली..."