बोट उचलण्याआधीच

रबाळ्याच्या एका छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनचा प्रोग्राम मी लिहिला होता. स्क्रीनवरच्या ‘कट’ बटणावर माऊस दाबला की प्रोग्रामला एक खबर मिळते, बोट उचललं की दुसरी. आधी पातं दुसऱ्या खबरीवर पडायचं. मशीन चालवणाऱ्या ताईंनी त्यावरून आपली रीत बसवली होती. उजव्या हाताने माऊस दाबून धरायचा, डाव्याने गठ्ठ्याची कड सारखी करायची, डावा हात मागे घेतला की मगच बोट उचलायचं. रीत धोक्याची, पण मला माहीत होती. शेजारी उभा राहून पाहिली होती मी.

मालक म्हणाले, "बटण जरा आळशी वाटतं हो." मी पातं पहिल्या खबरीवर नेलं, म्हणजे दाबताक्षणीच पडेल असं. एका ओळीचा बदल. शनिवारी बसवला. ताईंना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगण्याइतकं ते मला मोठं वाटलंच नाही.

सोमवारी पहिल्याच गठ्ठ्याला त्यांच्या डाव्या हाताची दोन पेरं गेली.

फोन आला तेव्हा मी डबा खात होतो. सुपरवायझर म्हणाला, "बाईंनी बोट लवकर उचललं, दुसरं काय!" मी म्हणालो, "हो, तसंच असेल." संध्याकाळी ती ओळ गुपचूप पूर्वीसारखी केली. ताईंचं काम सुटलं.

बऱ्याच वर्षांनी, मागच्या महिन्यात, कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेलो. त्या चहा ठेवायला उठल्या, मी म्हटलं, आधी बसा. सगळं सांगितलं.

"म्हंजे बोट मी उचललं नव्हतं?"

"नाही."

"तेव्हा बोलले होते मी, उचललं नाय म्हणून. मग सगळेच बोलायला लागले, तर मलापण वाटलं, उचललं असंल. हे अजून चिडवतात, हिच्या हातात काय देऊ नका, लगेच सोडते. मीपण हसते, सर. पण नातीला नाय घेत उचलून. पडली बिडली तर?"

दोन पेरांचाच हिशेब मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.

त्यांनी आत हाक मारली, "अहो, बाहेर या." नवरा बनियनवरच आला. "सर, आता परत सांगा. पहिल्यापासून."

मी सांगायला लागलो. त्या माझ्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.