टेहळणीचं जहाज आणि पुढच्या खोलीतले जेठ

अंतराळातल्या लढाईचा एक ऑनलाइन खेळ आमच्या घरात खेळला जातो, असं सांगितलं की शेजारच्या बायका माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. बघू देत. नंदुरबारपासून थोड्या अंतरावरच्या या गावात पपईच्या बागा, मिरचीचे भाव आणि दुसऱ्यांच्या सुना यांच्यावर दिवसभर बोललेलं चालतं, मग मी जहाजांवर बोलले तर काय बिघडलं?

माझं जहाज लहान. त्या खेळात लहान लढाऊ जहाजांचा एक वर्ग आहे, त्यांना फ्रिगेट म्हणतात. स्वस्त, चपळ आणि पातळ कातडीची. नवीन माणसाला वाटतं, ही शिकाऊ लोकांची जहाजं असणार. तसं मुळीच नाही. मोठं जहाज फक्त मारतं आणि मार खातं. बाकीची सगळी कामं या लहानांच्या गळ्यात. एकानं पुढे जाऊन वाट तपासायची, कोण दबा धरून बसलंय ते मागे कळवायचं. एकानं शत्रूच्या अंगाला चिकटून राहायचं, म्हणजे त्याला पळता येत नाही. एकानं शत्रूच्या यंत्रांमध्ये गोंधळ घालायचा. एकानं आपल्या जखमी जहाजांची डागडुजी करायची. आणि कधीकधी एकानं नुसतं आमिष म्हणून उघड्यावर उभं राहायचं. मरायचा मान मात्र सगळ्यांना सारखा, तोही पहिला. घरातल्या धाकट्या सुनेला हे समजायला वेळ लागत नाही.

आमच्या ताफ्याचे प्रमुख माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्या मुलानं पुण्याला नोकरीवर जाताना हा खेळ त्यांना शिकवून ठेवला. मोठ्या जाऊबाई गेल्या तेव्हा जेठ शेतात जाईनासे झाले, माणसांत बसेनासे झाले, आणि या खेळानंच त्यांना पुन्हा खुर्चीत ताठ बसवलं. म्हणून नवराही त्यात शिरला आणि त्यानं मलाही ओढलं. नवऱ्याकडे डागडुजीचं जहाज. तो विसरवाडीला हायवेवरच्या वजनकाट्यावर कामाला आहे, त्यामुळे त्याची शिफ्ट असली की आमची जहाजं बिनडॉक्टरची. शत्रूला चिकटून राहण्याचं काम चिंचपाड्याकडची एक नर्स करते. तिला आम्ही आधी डागडुजीच देत होतो. ती म्हणाली, "दिवसभर मी तेच करते. इथं तरी मला मारामारी द्या." बाकी चार-दोन मुलं सुरत-बारडोलीकडची.

आणि मी टेहळणीवर. पुढे जायचं, बघायचं, ओरडून सांगायचं.

अडचण एवढीच की ज्यांना सांगायचं त्यांच्याशी मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

आमच्यात धाकटी सून जेठाशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंड बंद. ते बसले असतील त्या खोलीत ती थांबत नाही, ते जेवत असतील तिथे उभी राहत नाही. जेठानंही तिला हाक मारायची नाही. यात भांडण नाही की राग नाही, उलट याला मान म्हणतात. जाऊबाई होत्या तोवर सगळं त्यांच्यामार्फत चालायचं. मी त्यांना सांगायची, त्या जेठांना सांगायच्या, उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. त्या गेल्या आणि मधला माणूसच गेला. मग मी ताट पुढच्या खोलीत ठेवून मधल्या दाराची कडी वाजवायला लागले. कडी वाजली की ते "हं" म्हणत. ते "हं" ऐकलं की मी मागे फिरायची. कधी त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीला सांगत, "पानी संपनं वाटस." मी भिंतीमागून पाणी आणून ठेवायची. दुपारी घरात आम्ही दोघंच असू आणि घरात माणूस आहे असं कुणाला बाहेरून वाटलं नसतं.

मला याची भीती वाटायची. जेठांना साखरेचा आजार, जेवणाआधी इंजेक्शन. ते स्वतःच घेत. नवरा चाळीस किलोमीटरवर. काही झालं तर? रात्री नवऱ्याला हे बोलले की तो वैतागायचा. "बोल ना मंग. कोन खाई ऱ्हायना तुले?" त्याला काय जातंय बोलायला! बोलायचं तर पहिला शब्द कुठला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. सासरी ज्याला हाक मारायचीच नाही त्याच्यासाठी हाकही कुणी शिकवलेली नसते.

खेळात मी एक पळवाट काढली होती. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. ताफ्यातले सगळे माइकवर बोलायचे, मी मधल्या खोलीत बसून टाईप करायची. "दारापाशी तीन," म्हणजे आकाशाच्या एका भागातून दुसऱ्यात जायच्या दाराशी तीन जहाजं. "मोठं एक, लहान दोन." जेठ वाचायचे आणि वळायचे. बरं चाललं होतं. मग एकदा शत्रू इतक्या वेगानं आला की माझी बोटं अर्ध्या शब्दावर असताना सुरतच्या मुलांची दोन जहाजं गेली. जेठ मला काही बोलले नाहीत, बोलणारच नव्हते. ते हवेला म्हणाले, "पुढे जाणारानी बोलाले पाहिजे. टाईप करीसन जहाज वाचस का कोठे?" भिंतीच्या पलीकडूनही ते ऐकू आलं आणि कानातल्या हेडफोनमधूनही. मला रडू आलं आणि रागही आला. अहो, मग तुम्हीच सांगा ना की बोल म्हणून! पण ते सांगणार कसे? सांगायचं तर आधी त्यांना बोलावं लागलं असतं.

नर्सनं नंतर मला फोन केला. तिच्या गावाकडे, नवापूरच्या डोंगरात, असलं काही नाही. "ताई, तो फक्त खेळ आहे," ती म्हणाली, "बोलून टाका." मी हो म्हटलं आणि पुढच्या लढाईलाही टाईपच केलं.

मग एका दुपारी मी नेहमीसारखं ताट ठेवलं, कडी वाजवली. "हं" आलं. मी आत येऊन लॅपटॉप उघडला. नवरा शिफ्टवर होता. ताफा निघाला, मी पुढे. एका दारापाशी पोचले तर पलीकडे जहाजंच जहाजं. मी टाईप केलं, "थांबा. खूप आहेत." जेठांचं मोठं जहाज थांबलं नाही. मी पुन्हा लिहिलं. जहाज त्याच रेषेत, त्याच वेगानं येत राहिलं. नर्स माइकवर म्हणाली, "प्रमुख, वळा. ताई थांबा म्हणतायत." उत्तर नाही. सुरतचा एक मुलगा हसला, "काका सो गये क्या?"

टेहळणी करणाऱ्याला एक सवय लागते. जहाज चालवणारा माणूस हलत असतो, थोडा इकडे, थोडा तिकडे. नुसतं सरळ जाणारं जहाज कुणी चालवत नसतं. जेठांचा माइक चालू होता. त्यातून पंख्याचा आवाज येत होता आणि त्याखाली श्वास, जड आणि ओढलेला.

मी उठून मधल्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. आज लिहितानाही माझा मला संताप येतो, पण मी आधी कडीच वाजवली. "हं" आलं नाही. पुन्हा वाजवली, जोरात. काही नाही. आत गेले आणि ते नुसते डोळे मिटून बसलेले असले तर? मी अशी समोर उभी दिसले तर काय म्हणतील? आणि नसले नुसते बसलेले तर? इतक्या वेळात माणूस जातो, हे मला पुरतं माहीत होतं आणि तरी पाय उंबऱ्यावर अडकले होते.

मग मी ओरडले. "भाऊ!" नवरा त्यांना म्हणतो तो शब्द. माझ्याकडे दुसरा नव्हता.

ते खुर्चीत कलंडले होते. सदरा घामानं भिजलेला, डोळे अर्धे उघडे, हात अजून माऊसवर. शेजारी टोपण काढलेली सुई आणि ताट होतं तसं झाकलेलं. इंजेक्शन घेतलं होतं आणि लढाईच्या नादात घास खाल्ला नव्हता. मला ते कळलं नाही, कारण जेठ जेवतात का नाही हे बघायला मी कधी थांबतच नव्हते. त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून मी माझ्या कानांवर चढवला आणि त्यातच किंचाळले, "अहो, यांना घाम सुटलाय, बोलत नाहीत, इंजेक्शन घेऊन जेवलेच नाहीत!" ताफ्यानं माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

नर्सचा आवाज एकदम बदलला. "गिळता येतंय का बघा. येत असेल तर साखरेचं पाणी द्या, घोट घोट. येत नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. मी इथंच आहे."

मी साखर पेल्यात किती ओतली देव जाणे. पदर कधी पडला ते कळलं नाही. त्यांच्या मानेखाली हात घातला. या माणसाचा चेहराही मी कधी नीट पाहिला नव्हता, तो आता माझ्या कोपरात होता. पहिला घोट ओठांवरून ओघळला. दुसरा गेला. मी सारखी "भाऊ, गिळा, भाऊ, गिळा" म्हणत होते, आणि कानात नर्स म्हणत होती, "बोलत राहा ताई, बोलत राहा." स्क्रीनवर त्यांचं मोठं जहाज फुटत होतं. ते बघायला कुणाला वेळ नव्हता.

हळूहळू त्यांचे डोळे जागेवर आले. त्यांनी पेला स्वतःच्या हातात घेतला. मी ताटावरची झाकणी काढली, भाकरी मोडून डाळीत कुस्करली आणि पुढे केली. मग भानावर येऊन पदर ओढला आणि दाराकडे वळले.

"थांब," ते म्हणाले.

मी थांबले. ते भिंतीकडे बघत होते, सवयीनं. मग भिंतीवरून नजर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज बारीक झाला होता.

"हात थरथर कापाले लागनात तवयच माले समजनं व्हतं. तू भिंतना मांगेच व्हतीस. पन तुले काय म्हनीसन हाक मारू, तेच सुचनं नही."